फावडं सगळ्यात वर

ताडपत्रीकाकांवर कुणीतरी लिहायला हवं, असं आमच्या गाडीतळावर सगळेच म्हणतात. म्हणून मीच लिहितो. दुसऱ्या कुणी लिहिलं तर चांगलंच लिहील, पण त्यात माझा उल्लेख ‘काकांचा लाडका चेला’ असा येईल, आणि तेवढं मला सोसणार नाही.

आमचं खातं जमिनीखालचं पाणी मोजतं. माणूस राहत नाही अशा माळावर, कोरड्या नद्यांच्या पलीकडे, जमिनीत खोल नळ्या सोडलेल्या आहेत. महिन्यातून एकदा तिथे जाऊन पाणी किती खाली गेलं ते पाहून यायचं. पहिले दोन तास रस्ता आहे. पुढे रस्ता म्हणजे मागच्या गाडीच्या चाकोऱ्या, आणि त्याही वारा ठेवील तेवढ्याच. फोनला रेंज नाही. आम्ही चालक पाच, गाड्या चार, आणि भांडार सांभाळायला काका.

गाडी निघण्याआधी काका फाटकाजवळ निळी ताडपत्री अंथरायचे आणि गाडीतली मोठी पेटी तिच्यावर रिकामी करायचे. फावडं. वाळूत रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन लोखंडी फळ्या. गाडी ओढायचा पट्टा आणि त्याच्या कड्या. जॅक, आणि तो वाळूत बुडू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायचा लाकडी पाट. हवेचा पंप, पाण्याचे कॅन, औषधांचा डबा, आरसा, शिट्टी. चालकाने वाकून एकेका वस्तूला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, “आहे.” नुसतं बघितलेलं चालत नसे. “डोळे सवयीने बघतात रे,” ते म्हणायचे, “हाताला फसवता येत नाही.” मग फाटकावरच्या पाटीवर परतायची वेळ लिहायची. ती टळून तास झाला की काका स्वतः दुसरी गाडी काढून शोधायला निघणार, हा त्यांचाच नियम. पेटी परत भरायची तीही त्यांनीच. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. फावडं सगळ्यात वर.

आम्ही थट्टा करायचो. एकदा मी वाकून त्यांच्या चपलांना हात लावला आणि ओरडलो, “आहेत!” सगळा तळ हसला. काकाही हसले आणि म्हणाले, “हस बाबा. तहान लागल्यावर विहीर खणायची तरी फावडं लागतंच.”

त्यांच्या या वेडाचं कारण मला एकट्यालाच माहीत होतं. एका दुपारी भांडारात चहा पिताना त्यांनी सांगितलं होतं. त्यांचे थोरले भाऊ पन्नाशीतच विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग नावं, मग स्वतःचं घर. शेवटची सहा वर्षं काकांनीच त्यांना न्हाऊमाखू घातलं आणि रोज नव्याने ओळख करून दिली, मी तुझा धाकटा भाऊ. “मला मरायची भीती नाही रे,” काका म्हणाले. “विसरायची आहे. म्हणून हे हात लावणं.” त्यानंतर मी चपलांची थट्टा केली नाही. एवढं सोडलं तर माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

झालं ते असं. माझी धाकटी बहीण शेवटच्या वस्तीत राहते, जिथे डांबर संपतं तिथे. तिला कपाट हवं होतं आणि माझ्याकडे एक जादा पडलं होतं. सरकारी गाडी त्याच वाटेने जाणार, मग वेगळा टेम्पो कशाला? त्या सकाळी ताडपत्रीवर सगळ्याला हात लावून, अकरा वेळा ‘आहे’ म्हणून मी फाटकाबाहेर पडलो आणि थेट स्वतःच्या घरी आलो. कपाट पेटीवर आडवं बसेना. वर ठेवलेल्या फळ्या आणि फावड्यामुळे झाकण जरा उचललेलं राहत होतं. मी तिन्ही वस्तू काढून अंगणात नळापाशी टेकवल्या. येताना, तळावर जाण्याआधी परत टाकू, कोणाला कळतंय? मग मोजणीबाईंना त्यांच्या घरून घेतलं. मोजणीबाई म्हणजे आमच्या नव्या इंजिनिअर. हसतमुख बाई. बहिणीच्या दारात कपाट उतरवायला त्यांनी हातसुद्धा लावला.

कोरडी नदी ओलांडायची तर आधी उतरून पायी चालून बघायचं आणि चाकांतली हवा कमी करायची, हे काकांनी शंभरदा सांगितलेलं. कपाटापायी उशीर झाला होता, म्हणून मी दोन्ही केलं नाही. निम्म्या पात्रात गाडी बसली. मी चिडून आणखी गॅस दिला आणि मागची चाकं निम्मी आत गेली. वाजले होते अकरा.

फावडं असतं तर अर्ध्या तासाचं काम. मी पेटीचं झाकण काढून त्याने वाळू उकरू लागलो. जितकी काढावी तितकी आत येई. जॅकने चाक उचललं, पण त्याखाली घालायला काही नव्हतं. बाई डब्याच्या ताटलीने उकरत होत्या. मी त्यांना सावलीत बसा म्हणालो, पण जोर देऊन म्हणालो नाही, कारण मला मदत हवी होती. तीनच्या सुमाराला त्या असंबद्ध बोलू लागल्या, मग ओकल्या, मग माझ्या हाकेला ओ देईनात. माझी पाचावर धारण बसली. गाडीखालच्या सावलीत त्यांना निजवून मी कपडा भिजवून अंगावर टाकत राहिलो. पाणी होतं. पाण्याचे कॅन कपाटाला आडवे आले नव्हते, एवढंच त्यांचं नशीब.

पाटीवर तीनची वेळ होती. चारला काका निघाले आणि दिवस मावळायच्या आत आमच्यापर्यंत पोचले. त्यांनी आधी बाईंना पाहिलं, मग गाडी. स्वतःच्या पेटीतलं फावडं आणि फळ्या काढून, पट्टा लावून, वीस मिनिटांत त्यांनी मला बाहेर ओढलं. मग माझी उघडी पेटी पाहिली.

“फावडं कुठंय?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. “नव्हतंच, काका. फळ्यापण नव्हत्या.”

“नव्हतंच? सकाळी तू हात लावलास ना?”

“लावला की. ताडपत्रीवर होतं. परत भरायचं राहिलं असेल तुमच्याकडून.”

काका आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत राहिले. त्याच वेळी मी खरं बोललो असतो तर फार तर नोकरी गेली असती.

इथपर्यंत घाबरून केलं असं म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी केलं ते थंड डोक्याने केलं. काका यायच्या आधी मी फावडं आणि फळ्या भांडारात नेऊन दारामागच्या मांडणीवर ठेवल्या. ताडपत्री गुंडाळताना उरलेलं काही असलं तर काका सवयीने तिथेच ठेवत, म्हणजे भरायच्या राहिल्या असत्या तर तिथेच सापडल्या असत्या. मग कोपऱ्यात उभा राहून पाण्याचे कॅन पुसायचं नाटक करत राहिलो. काका आले आणि सरळ दारामागे गेले.  मग हात पुढे करून फावड्याला लावला आणि अगदी हळू म्हणाले, “आहे.”

चौकशी झाली. बाई दोन दिवसांनी दवाखान्यातून घरी आल्या होत्या. कपाटाचं त्या बोलल्या नाहीत, मला उगाच त्रास नको म्हणून. पेटी काका भरतात हे सगळ्यांना ठाऊक. साहेबांनी विचारायच्या आतच काकांनी लिहून दिलं, चूक माझी, मी विसरलो. निवृत्तीला दोन वर्षं होती. साहेब म्हणाले, एकदा होतं असं, माणूसच आहे. काका म्हणाले, “नको. सुरुवात अशीच होते. मी पाहिलंय.” आणि त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मी तिथेच मूग गिळून उभा होतो. महिन्याभराने भांडार आणि ताडपत्री माझ्याकडे आली. मी ते काम चोख केलं. साहेब म्हणायचे, काकांचं वळण उचललंय. चार वर्षं मी ती शाबासकी खात होतो.

गेल्या आठवड्यात काकू, म्हणजे त्यांची बायको, तळावर आल्या. सोमवारी गाडी मिळेल का, विचारत होत्या. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात अशा एका संस्थेत काकांनी स्वतःहून नाव घातलं होतं.

“इतकं वाढलंय?” मी विचारलं.

“काहीसुद्धा झालेलं नाही रे. तीन डॉक्टर झाले, तिघंही हसतात. पण यांचं एकच, डॉक्टरांना काय माहीत, फावडं मी विसरलो होतो. गाडीला चार वर्षं हात लावला नाही. नातीला घेऊन बागेपर्यंत जात नाहीत, हरवेल म्हणतात माझ्या हातून.”

रविवारी सकाळी मी गेलो. दारावर चिठ्ठी होती, ‘किल्ली?’ स्वयंपाकघराच्या चौकटीवर ‘गॅस?’, मोरीपाशी ‘नळ?’ बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक जुनी ताडपत्री अंथरलेली, आणि तिच्यावर न्यायचं सामान ओळीने मांडलेलं. काका शेजारी उकिडवे बसले होते. खूप बारीक झाले होते.

“बरं झालं आलास,” ते म्हणाले. “माझ्या हाताचा काही भरवसा नाही. तू लाव हात.”

मी खाली बसलो. चष्मा. “आहे.” औषधांची डबी. “आहे.” दोन सदरे, दाढीचं सामान, थोरल्या भावाचा फोटो. प्रत्येकाला हात लावून मी म्हणत गेलो. शेवटी चपला होत्या. त्यांना हात लावला आणि तो तसाच ठेवून बसलो.

“काय झालं? चपला नाहीत का?” काकांनी घाबरून विचारलं.

“काका, फावडं माझ्या घरी होतं.”

मग सगळं सांगितलं. कपाट, नळ, दारामागची मांडणी, सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती. आता हाणतील, आता हाकलतील असं वाटत होतं, आणि खरं सांगतो, हाणावं असंच वाटत होतं. 

“म्हणजे मी पेटीत भरलं होतं?” काकांनी विचारलं.

“हो.”

“फळ्यासुद्धा?”

“फळ्यासुद्धा. फावडं सगळ्यात वर होतं, काका.”

“सगळ्यात वर,” ते म्हणाले. आणि मग लहान मुलासारखे ओरडले, “अगं! इकडे ये! ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो! भरलं होतं मी! सगळ्यात वर होतं!” ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्यावर रागवायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. चार वर्षांत मला जितकी लाज वाटली नव्हती तितकी त्या हसण्याने वाटली.

काकू दारात उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. माझ्यासाठी आणलेला चहाचा कप त्यांच्या हातात होता. तो घेऊन त्या तशाच आत गेल्या.

काकांनी डोळे पुसले आणि ताडपत्रीवरचं सामान उचलायला सुरुवात केली. सदरे कपाटात परत ठेवायचे होते, फोटो भिंतीवर. मी पुढे होऊन चष्मा उचलायला गेलो.

“राहू दे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तू हात लावू नकोस. माझं मी भरतो.”

मी हात मागे घेतला. काका एकेक वस्तू उचलून जागेवर ठेवत राहिले, आणि मी दारापाशी उभा राहून बघत राहिलो.