हळदीचा लाल खडू

हे मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे. पण मधेच उठू नका.

साठ-एकसष्ट साल असेल. घाटकोपरला आमच्या चाळीत मी बालवाडी घ्यायचे. दहा-बारा पोरं, सगळ्यांची मी बाई. लंगडीचे चौकोन आखायला त्यांना रंगीत खडू हवे होते. दिवाळी जवळ आलेली, चाळीला सफेदी चाललेली. जिन्याखाली चुनकळीचं, कोरड्या चुन्याच्या खड्यांचं पोतं, बाजूला भिजवून निवलेल्या चुन्याचं पिंप. म्हटलं, चला रे, खडू आपणच करू!

निवलेला चुना, त्यात डिंकाचं पाणी, कागदाच्या नळ्यांत भरायचं, उन्हात ठेवायचं. निळ्यासाठी कपड्यांची नीळ. आणि लाल? त्याचीच तर गंमत — चुन्यात पिवळी हळद पडली की लाल होते. कुंकू असंच करतात ना? पोरांनी आ वासला. मीही हवेत.

रंगारी सकाळीच बजावून गेला होता — पिंपातला घ्या, पोत्याला हात लावू नका, पाणी लागलं की उकळतो. मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, हे ध्यानात ठेवा.

लगदा पातळ झाला. नळ्यांतून गळायला लागला. पोरं कंटाळली, मला मेलीला घाई. पोत्यातला लिंबाएवढा खडा उचलला आणि लगद्याच्या डब्यात टाकला, घट्ट होईल म्हणून. वर काय म्हणाले? "या, जवळ या, जादू बघा."

सगळ्यात पुढे कुंदा. चार वर्षांची, शेजारच्या वत्सलाबाईंची एकुलती एक. डब्यावर वाकलेली. खडा आधी नुसता फुसफुसला. मला दिसलं ते. पोरीला मागे ओढायला कितीसा वेळ लागतो हो? मी हळदीची पुडी सोडत बसले. आणि चुना उसळला.

तिचा डावा डोळा गेला.

वत्सलाबाई धावत आल्या तेव्हा मी म्हणाले — पाणी आणायला आत गेले होते, तेवढ्यात हिनेच पोत्यातला खडा टाकला. जीभ अडखळलीसुद्धा नाही. डोळ्याला ओला पदर लावलेल्या त्या लेकराच्या पाठीत आईने धपाटा घातला, "गो चेडवा, कित्याक हात लावलंस?" मी बघत उभी. बाकीच्या पोरांना कोण विचारतंय?

मग भीती सुरू झाली. ही मोठी होईल, हिला आठवेल. गॅलरीत तिची पावलं वाजली की मी दार लोटून घ्यायचे. एक वर्ष, पाच वर्षं, दहा. ती बोललीच नाही. का? लपवत होती? छे! मी सांगितलं तेच तिला आठवतं. माझं खोटं तिने स्वतःचं करून ठेवलंय.

आता बावीसची आहे. तीन स्थळं डोळा बघून परत गेली. वत्सलाबाई अजून म्हणतात, स्वतःच्या हाताने वाट लावून घेतली कार्टीने.

यंदा संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. एका लहानगीने विचारलं, ताई, तुझ्या डोळ्याला काय झालं? कुंदा हसली. "बाई नको म्हणून सांगून आत गेल्या होत्या गं. मीच द्वाड, ऐकलं नाही."

आणि कुंकवाची कोयरी घेऊन माझ्यापुढे आली. मी कपाळ पुढे केलं.