दादाच्या दुकानातले जाडे खांब

गल्लीत तिला सगळे खांबताई म्हणायचे. इमारतींचे सांगाडे तपासणारी ती इंजिनिअर. पण कामावर नसतानाही तिची नजर काही जागेवर राहायची नाही. मैत्रिणीचं बाळ बघायला दवाखान्यात गेली, ती छत बघून आली.

"बाळ कसं आहे गं?" आईने विचारलं.

"छान आहे. पण बीमला तडा गेलाय."

घर चार मजल्यांचं, वडिलांनी बांधलेलं. तळमजल्यावर थोरल्या भावाचं फर्निचरचं दुकान, त्याच्या वर दादा-वहिनी, सगळ्यात वर आई आणि ती. मधला मजला भाड्याने दिलेला. एकदा ती कामासाठी परगावी गेली आणि परत येऊन बघते तर काय, दादाने दुकानातल्या सगळ्या भिंती पाडून टाकलेल्या! पुढे चकचकीत काच, आत सोफेच सोफे आणि मधे उघडेवाघडे खांब.

"कसं मोकळं मोकळं वाटतंय की नाही?" दादा खुशीत म्हणाला.

"मोकळं? अरे, वर तीन मजले भिंतींनी भरलेले आणि खाली नुसत्या काटक्या! जमीन हलली की वरचं घर खोक्यासारखं एकसंध हलणार आणि सगळा पीळ या खांबांना बसणार."

"इतकी वर्षं उभं आहे ना घर?"

"उभं राहणं वेगळं आणि हलताना उभं राहणं वेगळं. बसमध्ये उभा असताना ब्रेक लागला की तू काय करतोस? गुडघे सैल सोडतोस. काठीसारखा ताठ राहिलास तर तोंडावर आपटशील. खांबालाही मोडण्याआधी वाकता आलं पाहिजे."

दादाने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. पंधरवडाभर दोघं एकमेकांशी फक्त वहिनीमार्फत बोलत होती. शेवटी आईच दुकानात येऊन एका आरामखुर्चीत बसली. "हिचं ऐकत नाहीस ना? मग मी आता इथेच बसते दिवसभर. गिऱ्हाइकांशी गप्पा मारीन." दादाने संध्याकाळच्या आत खांब मजबूत करून घ्यायला होकार दिला.

खांबांवरचा थर सोलल्यावर खांबताईने वाकून आत पाहिलं. उभ्या सळयांना आवळणाऱ्या आडव्या रिंगा आत होत्या खऱ्या, पण हात हातभर अंतरावर, आणि त्यांची टोकं नुसती दुमडून सोडलेली. तिने प्रत्येक खांबाभोवती नव्या सळया उभ्या करून घेतल्या आणि चार-चार बोटांवर रिंगा बांधायला लावल्या.

"ताई, हा खांब आहे की बांगड्यांचं दुकान?" सळया बांधणारा कुरकुरला.

"जोराचा हेलकावा बसला की काँक्रीट फुटून बाहेर सांडायला बघतं. रिंगांनी ते धरून ठेवायचं. आणि टोकं आत वळव, आत! उघडी राहिली तर ऐन वेळी रिंग सुटेल."

वरून नवं काँक्रीट ओतलं, मागच्या बाजूला दोन भक्कम भिंतीही उभ्या केल्या. खांब दुप्पट जाडे झाले. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला रडगाणं ऐकवायचा, "लोक कपाट बघायला येतात आणि खांबाला धडकून जातात!"

मग एका दुपारी, ती आईची नखं कापत असताना, जमीन हलली.

तिने आईला ओढून टेबलाखाली घेतलं. घर कण्हल्यासारखं वाजत होतं, भांडी धडाधड कोसळत होती, खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी भेग चालत गेली. आजवर भूकंप तिने कागदावरच मांडला होता. अंगावर पहिल्यांदाच आला. मनात एकच घोकणं चालू होतं : मागच्या कोपऱ्यातल्या खांबात काँक्रीट नीट बसलं होतं ना? बसलं होतं ना?

"अगं, माझा हात मोडशील," आई म्हणाली, तेव्हा कुठे तिला कळलं की हलणं थांबलंय.

आईला धरून ती खाली आली. जिन्याच्या पायथ्याशी दादा पिठात लोळल्यासारखा पांढरा होऊन ओरडत होता, "एवढा खर्च केला, आणि वरच्या सगळ्या भिंतींना भेगा! कसली गं तू इंजिनिअर?"

ती सरळ दुकानात शिरली, एकेका खांबाशी गुडघे टेकून हात फिरवत गेली. दोन ठिकाणी केसासारख्या बारीक रेषा, बाकी काही नाही. तशीच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"भिंती परत लिंपता येतात रे," हुंदक्यांमधून ती म्हणाली. "धक्का त्यांनी खाल्ला, पण घर खांबांनी पेललं."

मागोमाग आत आलेला दादा काही बोलणार तेवढ्यात त्याची नजर काचेपलीकडे गेली. समोरची इमारत पुढे झुकली होती. तिच्या तळमजल्यावर नुसती पार्किंगची जागा. तिथले खांब माथ्याशी चिरडले होते आणि सळया वाकून बाहेर आल्या होत्या. लोक शिडीवरून उतरत होते. एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता, बाकी सगळे सुखरूप होते.

दादाने शेजारच्या खांबावर थाप मारली. मग बाहेर गेला आणि एकेक सोफा रस्त्यावर ओढू लागला. अंधार पडेपर्यंत अर्धी गल्ली त्यांच्या नव्या कोऱ्या सोफ्यांवर बसली होती. सगळ्यात महागड्या सोफ्यावर आई पाय पसरून बसलेली.

"आई, खांब तपासलेत मी. वर चल आता."

"घर उभं राहील गं, विश्वास आहे माझा," आईने उशी डोक्याखाली सरकवली. "पण हा सोफा फार मऊ आहे."