मयताचा ताल

आमच्या बँडमध्ये दर शनिवारी कुणीतरी मरायचं. कधी रोमन सैन्याची अख्खी तुकडी, कधी प्लेगमध्ये सापडलेलं गाव, कधी दगडी थडग्यातला राजा. न्यू जर्सीतल्या एका गॅरेजमध्ये बसून आम्ही त्यांच्यासाठी गळा काढायचो, तोही लॅटिनमध्ये. लॅटिन एकालाही धड येत नव्हतं. गाणारा म्होरक्या एरवी दातांचा इन्शुरन्स विकायचा आणि शनिवारी भर उकाड्यात लोकरीचा झगा घालून बसायचा. त्याची बायको चाक फिरवून वाजवायचं एक जुनं वाद्य वाजवायची. गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यासारखा त्याचा आवाज. बासरीवाला कामापुरता बरा होता. डफ माझ्याकडे.

डफ त्यांचा. माझ्यासाठी ती हलगीच. माझा बाप लातूरकडे हलगी वाजवायचा, लग्नात आणि मयतात. मी आमच्या भावकीतली पहिली ग्रॅज्युएट. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. लहानपणी एकदा हलगीला हात लावला, तर बापानं ती वाजवायच्या टिपरूनंच माझी बोटं सुजवली. "हीच वाजवायची तर शाळा कशाला?" म्हणाला. मी शाळेत गेले, पण कान घरी ठेवून गेले नव्हते. सगळे ताल जेवणाच्या डब्यावर शिकले.

गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा डफ दमट हवेनं मेलेला होता. मी तो हीटरपुढे धरून शेकायला लागले. म्होरक्या ओरडला, "अगं, जळेल!" म्हटलं, आता ऐक. आणि तिरडीपुढचा ताल धरला. एक जड ठोका, मध्ये खड्डा, मग दोन हलके. खांदेकऱ्यांची पावलं पडतात तसा.

"हीच!" म्होरक्याच्या डोळ्यांत पाणी. "हीच प्राचीन युरोपची नाडी!"

नाडी कुणाची का असेना, हात माझा होता.

पानगळीत एक मध्ययुगीन जत्रा भरते. पत्र्याचं चिलखत घातलेले अकाउंटंट टर्कीची तंगडी चावत फिरतात. तिथं आम्हाला पहिल्यांदा खरं स्टेज मिळालं. मी एडिसन गावातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या काका-काकूंना आग्रहानं बोलावलं. दोघंही रिटायर्ड डॉक्टर. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काकू माझी ओळख करून द्यायच्या, "ही रिझर्व्हेशनमधून आली, पण हुशार आहे हो." त्या 'पण'साठीच मी त्यांना बोलावलं. म्हटलं, स्टेजवर बघा मला एकदा.

स्टेजच्या मागे काळा पडदा होता. म्होरक्या झगा सारखा करत आला.

"तू पडद्यामागे बस."

"का?"

"मनावर घेऊ नकोस. लोकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र असतं. बर्फ, देवदाराचं जंगल, जुनी माणसं. तू त्यात बसत नाहीस."

"तुझ्या झग्याला चेन आहे," मी म्हटलं.

"ती आतून आहे."

काका-काकू पहिल्या रांगेत येऊन बसले होते. मी निघून गेले असते, तर ही आलीच नाही म्हणाले असते. मी पडद्यामागे बसले. गाणं राजाच्या अंत्ययात्रेचं. स्टेज वीतभर, पडदा पातळ. मी ताल धरला तसा पलीकडून काकूंचा आवाज आला.

"कुठंय ही? दिसत नाही."

"ऐक तरी," काका म्हणाले. "हलगी आहे ही. मयताची."

"अगंबाई! मग मागेच असणार. आपल्याकडेही त्यांना मांडवाबाहेरच बसवायचे ना?"

दोघं हसले. खेळीमेळीनं, जत्रेत हसतात तसे.

मी मयताचा ताल वरातीवर नेला. म्होरक्याचा राजा सावकाश मरत होता, त्याला आता पळत मरावं लागलं. लॅटिनची लांब अक्षरं धापा टाकायला लागली. चाकवाल्या बायकोचं चाक अडकलं. लोकांनी आधी टाळ्या धरल्या, मग एक जाडा सरदार तंगडी नाचवत उठला आणि त्याच्यामागे अर्धी जत्रा. म्होरक्या वरच्या सुराला गेला आणि तिथं त्याचा आवाज फाटला. पुरता फाटेपर्यंत मी वाजवलं. मग एक ठोका देऊन थांबले आणि पडदा सारून पुढे आले.

"हे काय चाललंय?" तो दातओठ खात म्हणाला.

"मयत पोचलं," मी म्हटलं. "पोचलं की हलगी थांबते."

मग पहिल्या रांगेकडे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मराठीत म्हटलं, "काकू, मयताला आलात. आता आंघोळ केल्याशिवाय घरात शिवाशिव करू नका."

पार्किंगमध्ये पोचायच्या आत मला बँडमधून काढल्याचा मेसेज आला. गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेला माझा ताल ते अजून वापरतात. खाली लिहितात, प्राचीन युरोप. तेवढ्यावर मरू देत त्यांचे राजे.

पुढच्या आठवड्यात ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात काका भेटले. मेथीच्या जुड्या चाळत होते. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"बोलू नये, पण घरी आल्याआल्या हिनं डोक्यावरून पाणी घेतलं. मलाही घ्यायला लावलं. इतक्या थंडीत! अजून शिंकतेय."

"घ्यावंच लागतं काका," मी म्हटलं, आणि त्यांच्या हाताखालची ताजी जुडी उचलली.