ताईंचं डावं

खोक्यांच्या त्या कारखान्यात मशीन कसं चालवायचं, कसं पुसायचं आणि बोट कुठे घालायचं नाही, हे सगळं लिहून ठेवणारी बाई एकच. सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले डिंकाच्या मशीनवरचे मामासुद्धा. अकरा वर्षांत तिने एकोणीस पुस्तिका लिहिल्या, एकेका अनुस्वारासाठी जीव आटवला. आणि एवढ्या काळात त्याबद्दल एका माणसाने चकार शब्द काढला असेल तर शपथ! आपलं कोणी वाचतच नाही, हे तिने मनाशी धरलं होतं.

त्यातच एक दिवस साहेब म्हणाले, "ताई, पुस्तिका तर झाल्या लिहून. आता त्यासाठी वेगळं माणूस कशाला? पुढच्या महिन्यापासून माल पाठवायच्या विभागात या. लेबलं लावायला कोणीतरी हवंच आहे."

लेबलं लावण्यात कमीपणा नव्हता, पण ताईचा जीव लिहिण्यात होता. तिने महिनाभराची मुदत मागितली. "वाचणाऱ्यांनाच विचारते, साहेब. सुधारायला काही निघालं नाही, तर येते लेबलं लावायला."

नणंद कॉम्प्युटरमधली. दोघी दोन रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि अ‍ॅप उभं राहिलं. प्रत्येक मशीनशेजारी टॅबलेट होताच. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाखाली आता दोन बटणं आली. हिरवं 'समजलं', लाल 'समजलं नाही', आणि दोन ओळी लिहायला जागा. "वहिनी, नाव विचारायचं नाही हं," नणंदेने बजावलं. "नाव विचारलं की लोकांच्या तोंडाला कुलूप लागतं." नणंद-भावजयीचं एकमत झालेलं या घराने पहिल्यांदाच पाहिलं, असं ताईचा नवरा दारातून म्हणाला. दोघींनी मिळून त्याला बाहेर पिटाळलं.

दोन आठवड्यांत दोनशे बारा वेळा बटण दाबलं गेलं. दोनशे बाराही वेळा हिरवं.

साहेब खूश. "बघा, सगळ्यांना सगळं समजतंय! मग लिहायचं राहिलं काय?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या संध्याकाळी ताई धुसफुसतच नवऱ्याला कपडे धुण्याचं नवं मशीन दाखवत होती. "पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, पावडर या खणात. समजलं?"

"समजलं."

तासाभराने त्याचे तीन पांढरे शर्ट गुलाबी होऊन बाहेर आले.

"अहो, समजलं म्हणालात ना?"

"अगं, तू 'समजलं?' असं विचारलंस. शाळेत बाईंनी असं विचारल्यावर 'नाही' म्हणायची कोणाची छाती होती? मान आपोआप हलते!"

ताई गुलाबी शर्ट हातात धरून तशीच उभी राहिली. मग शर्ट नवऱ्याच्या गळ्यात टाकला आणि नणंदेला फोन लावला.

सकाळी लाल बटणावरचे शब्द बदलले होते: 'ताई, हे नीट लिहा.' न समजण्याचा दोष तिने वाचणाऱ्याच्या डोक्यावरून उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला होता.

दुपारपर्यंत एक्केचाळीस लाल! इतकी वर्षं गप्प बसलेला कारखाना नुसता तुटून पडला. "योग्य प्रमाणात म्हणजे किती? चमचे सांगा." "पान सातवरचं वाक्य संपेपर्यंत मशीन तापतं." "हा 'तदनंतर' कुठल्या पाळीला असतो?" ताई कपाळाला हात लावत होती आणि हसत होती. मग एका ओळीशी ती अडली: "पान चौदा. ताईंचं डावं म्हणजे आपलं उजवं, हे नव्या लोकांना लिहून सांगा."

हे पान डिंकाच्या मशीनच्या पुस्तिकेतलं. ती तडक मामांकडे गेली. मामा आधी चपापले, मग हात पुसत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. रोलर डावीकडे फिरवा, असं लिहिलंय तुम्ही. आम्ही उभे राहतो तिथून तो उजवीकडे फिरतो. तुम्ही त्या वेळी मशीनच्या मागे बसून लिहीत होता ना!"

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"इतकं मनापासून लिहिलेलं तुम्ही. म्हटलं, आपणच फिरवून वाचू. आता तर सगळीकडे तेच चालतं. खोकं उजवीकडे सरकवायचं असलं की पोरं म्हणतात, 'जरा ताईंच्या डावीकडे घे.'"

रडावं की हसावं, ताईला कळेना. तिने दोन्ही केलं.

महिना संपला त्या दिवशी साहेब एकशे त्रेसष्ट तक्रारींची यादी घेऊन डिंकाच्या मशीनपाशी आले. "ताई, इतक्या चुका? असलं कोणी वाचत तरी असेल का?"

ताईचं तोंड उतरलं. पण मामा मध्ये पडले. "साहेब, न वाचणाऱ्याला चुका सापडत नाहीत. पान चौदा आम्हाला तोंडपाठ आहे, चुकीसकट."

साहेबांनी यादी पुन्हा वरून खालपर्यंत पाहिली. "आणि हे सगळं दुरुस्त कोण करणार?" विचारता विचारताच उत्तर त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी यादी ताईच्या हातात दिली आणि लेबलांचा विषय काढलाच नाही.

आपलं कोणी वाचत नाही म्हणून ताई अकरा वर्षं कुढत होती, आणि तेवढीच वर्षं ही माणसं तिचा मान राखायला उजव्याला डावं म्हणत होती.

डोळे पुसून ती पहिल्यांदा पान चौदाच दुरुस्त करायला बसली, तर मामा आडवे आले.

"तेवढं एक राहू द्या हो, ताई," ते म्हणाले. "आता बरोबर लिहिलंत, तर आम्ही चुकू."