तुझ्याबिगर माती करणार न्हाय

लोहाऱ्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी सुटायच्या बेतात होती, तेव्हा आईनं खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. आईची प्रार्थना लांबायची. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मावशी, आमेन म्हणा आता, गाडीला उशीर व्हायलाय." आई डोळे न उघडता म्हणाली, "म्हणते की. तुमच्याच गाडीसाठी मागायलेय."

गाडीतली माणसं हसली. मीही हसले आणि मग रडले. माझा धाकटा भाऊ शमुवेल ज्वारीचं पोतं टपावर चढवून खाली उतरला होता. मिसरूड नुकतं फुटलेलं, डोळे लाल. गाडी हलली तसा तो बाजूनं चालत राहिला. म्हणाला, "आक्का, आईची काळजी करू नगंस. मी हाय की."

हे मी आपल्या सास्तूरच्या ख्रिस्ती मंडळीसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे हडपसर, पिंपरी, भिवंडीला जाऊन बसले त्यांच्यासाठीही. मागं राहिलेल्यांना वाटतं, गेलेले सुखात आहेत. गेलेल्यांना वाटतं, मागचे लोक आपलं सगळं जपून ठेवतायत. दोन्ही खोटं आहे.

पुण्यात आल्यावर आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली आणि मी डोक्यावर टोपली घेतली. जुने कपडे घ्यायचे, स्टीलची भांडी द्यायची. माहेरी कुणी हा धंदा केलेला नव्हता. पण साडी उजेडाकडं धरून कुठं विरली आहे ते पाहायला, आणि पातेल्यावर झाकणही मागणाऱ्या बाईला वाटीवर आणायला मी लवकर शिकले. तोंड तिखट होतंच. एका बाईनं पैठणीच्या पदराचं भोक बोटाखाली लपवलं, तेव्हा मी ती पैठणी तिच्याच अंगावर फेकली होती. त्या सोसायटीत मला पुढं कितीतरी दिवस गेटवरच अडवायचे. आज हडपसरला माझं स्वतःचं दुकान आहे. बिलं मोबाईलवर करते, होलसेलवाल्याशी हिंदीत भांडते. पण प्रार्थना मात्र आजही गावाकडच्याच बोलीत निघते.

त्र्याण्णवच्या भूकंपात वडील गेले तेव्हा मी मोठी होते, शमू लहान. आई मजुरीला जायची. त्याला भरवणं, शाळेत सोडणं, रविवारी केस विंचरून उपासनेला नेणं हे मी केलं. रात्री दचकून उठायचा तेव्हा माझ्याच कुशीत यायचा. पुढं तो मंडळीचा पंच झाला, तेव्हा मी पुण्याच्या गल्लीत पेढे वाटले. दर नाताळला गावी गेले की आई दोघांना शेजारी बसवून जेवायला वाढायची.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "आक्का, आई गेली. तू ये. तुझ्याबिगर माती करणार न्हाय."

मी आणि आमचे हे मिळेल त्या गाडीनं निघालो. वाटेत मी एकदाही रडले नाही. आईला शेवटची मूठ माती द्यायची आणि मग रडायचं, असं ठरवून बसले होते. येडशीला गाडी थांबली तेव्हा फोन केला. त्यानं घेतला नाही. पुन्हा केला. तरी नाही.

आम्ही गावात शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. नळावर माणसं पाय धूत होती आणि एकजण फावड्याची माती काढत होता. कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

मी अंगणात उभी राहून विचारलं, "किती वेळ थांबायचं होतं रं? दोन तास?" शमूनं मान खाली घातली. म्हणाला, "ऊन लई होतं, आक्का." एवढंच. ज्या पोराला मी हातानं घास भरवला, त्यानं मला आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही, आणि वर उन्हाचं नाव पुढं केलं. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरात पाणीही न पिता आम्ही परत फिरलो.

त्यानंतर माझ्या आत काहीतरी बंद पडलं. दुकान चालू होतं, तोंड चालू होतं, पण गुडघे टेकले की शब्द येत नसत. पवित्र शास्त्र, आमचं बायबल, कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की मी ते न घेता पुढं सरकवायची. ज्याचं भावाशी बिनसलंय त्यानं आधी समेट करून यावं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. समेट मला करायचा नव्हता. मग भाकर कुठल्या तोंडानं घ्यायची?

हडपसरच्या आमच्या चर्चचे पाळक घरी आले. चांगला माणूस. म्हणाले, "ताई, क्षमा करून टाका. मन हलकं होईल."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, इतक्या स्वस्तात मी चमचासुद्धा देत नाही."

ते चहा संपवून गेले. आमचे हे मात्र वेगळे. मला काही न सांगता त्यांनी शास्त्र खाली काढलं आणि रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाचतात अडखळत, एकेक शब्द बोटानं धरून. मी भाजी चिरत ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एक दिवस अब्राहामाची गोष्ट आली. देव एका शहराचा नाश करायला निघालाय आणि अब्राहाम वाटेत उभा राहून घासाघीस करतोय. पन्नास चांगली माणसं सापडली तर सोडशील का? पंचेचाळीस? चाळीस? असं करत दहावर आणलं.

मी विळी बाजूला केली. "थांबा. परत वाचा."

"कुठनं?"

"पन्नासापासनं."

त्यांनी परत वाचलं. गोष्ट मी रविवारच्या शाळेत शंभरदा ऐकली असेल, पण धंद्यात मुरल्यावर ती वेगळी ऐकू आली. अब्राहाम प्रत्येक वेळी आकडा खाली आणतो आणि देव प्रत्येक वेळी ऐकून घेतो. रागावत नाही, पाठ फिरवत नाही. समोरचा जोवर उठून जात नाही तोवर सौदा जिवंत असतो, हे मला कुणी शिकवायला नको. उठून गेले होते ती मी.

त्या दिवसापासून मी देवाशी पुन्हा बोलायला लागले. ती प्रार्थना म्हणायची की भांडण, ते तुम्ही ठरवा. आधी माझी अट होती, शमूनं सगळ्या मंडळीसमोर माझे पाय धरावेत. मग म्हटलं, मंडळीसमोर नको, घरात धरावेत. मग म्हटलं, पाय राहू देत, फोन करावा. भाव माझाच उतरत होता आणि देवाकडून हूं की चूं नाही. असं गिऱ्हाईक सगळ्यात वाईट. शेवटी मी एकाच गोष्टीवर येऊन अडले. मला फसवलंय, हे त्यानं कबूल करावं. त्याच्या खाली मी उतरणार नव्हते.

आईच्या मातीनंतर पहिल्यांदा, यंदा ईस्टरला आम्ही गावी गेलो. आपल्याकडं पहाटेची उपासना कब्रस्तानात होते. आईच्या कबरीला शमूनं चुना दिला होता. मी एक मूठ माती घेऊन वर टाकली. मागून माझी भावजय, एस्तेर, आली.

"आक्का, तुमास्नी कसं सांगू," ती म्हणाली. "त्यांनी दुपारपातूर माती थांबवून धरली होती. मग अंगणात येरझारा घालाया लागले. वास यायलाय म्हनले. कुनालाच येत नव्हता. आईच्या अंगाला तर साबणाचा वास होता."

भूकंपात वडील उशिरा सापडले होते. ढिगाऱ्यापाशी शमू माझा हात धरून उभा होता. तो वास मलाही माहीत आहे.

"मग हे मला का न्हाय सांगितलं?"

"लाजतेत तुमाला."

"लाजून माझी आई पुरली," मी म्हटलं. मला वाईट वाटलं, पण राग गेला नाही. भीती त्याची होती. आई दोघांची होती.

कब्रस्तानातून आम्ही चर्चच्या देवळात आलो. पाळक प्रभुभोजनाचे शब्द म्हणू लागले. प्रभूला त्याच्याच शिष्यानं शत्रूंच्या हाती धरून दिलं त्या रात्रीची ती गोष्ट. आजवर माझं लक्ष नेहमी भाकरीकडं असायचं. आज ते 'धरून दिलं' कानात अडकलं. धरून देणारा त्याच पंगतीला होता, त्याच ताटात हात घालत होता. प्रभूनं ते झाकलं नाही. तुमच्यातलाच एक मला धरून देईल, असं सरळ बोलून दाखवलं. आणि मग भाकर मोडली. जेवण रद्द केलं नाही. मला वाटत होतं, मन साफ झाल्याशिवाय या मेजाकडं यायचं नसतं. इथं तर विश्वासघात पहिल्या दिवसापासून मेजावरच बसलेला.

ताट घेऊन रांगेतून पंच आले. माझ्या रांगेला शमू होता. केस पिकलेत त्याचे. माझ्यासमोर येऊन तो थांबला.

मी हळू आवाजात म्हटलं, "तू मला फसवलंस."

"व्हय, आक्का," तो म्हणाला.

ऊन नाही, वास नाही, दुसरं काही नाही. मी भाकर घेतली.

पुण्यात कुणी फसवलं तर मी त्याच्याकडचा माल बंद करते आणि विसरते. गावाचं तसं करता येत नाही, आणि मला वाटतं, घर म्हणतात ते यालाच. राग अजून आहे. शमूशी नीट भांडण तर व्हायचंच आहे. एस्तेरला सांगून आलेय, नाताळला माझं अंथरूण आईच्या खोलीत घाल.