दगडावरची मोहरी

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्यानं ह्यांना विचारलं, "जमिनीत तुम्ही नेमकं शोधता काय? सोनं?" हे म्हणाले, "पाणी." आत्याचा चेहरा पडला. पाणी आमच्या साताऱ्यात परसातल्या आडालाच होतं, त्यासाठी मुलगी चांद्याच्या जंगलात कशाला पाठवायची, असं तिचं सरळ म्हणणं. मी हटून बसले आणि आले. म्हणून नंतर कितीही कंटाळा आला तरी माहेरी तक्रारीचं एक अक्षर कळवायची सोय उरली नाही.

आमचं बिऱ्हाड सावली गावाच्या अलीकडे, एका धानाच्या, म्हणजे भातशेतीच्या, खेड्यात होतं. घर एका विधवा बाईंचं. त्या आणि त्यांचा एकुलता मुलगा मागच्या बाजूला राहात, पुढची खोली आणि अंगण आमच्याकडे. सरकारी माणसाची बायको म्हणून पहिले काही दिवस त्या मला "बाईसाहेब" म्हणाल्या. माझी भाकरी थापताना फाटते हे पाहिल्यावर ते आपोआप बंद झालं.

ह्यांचं काम गावाला मोठं गमतीचं वाटे. जमिनीवर घण मारायचा, लांब पुरलेल्या डबीपर्यंत त्याचा हादरा कसा पोचतो ते तारेनं पेटीत आणायचं आणि कागदावर थरथरती रेघ उमटवून घ्यायची. रेघ बघून खाली काय आहे ते सांगायचं. अखंड कातळाचं ठीक होतं, त्यातून हादरा सुसाट जातो. पण तिकडचा कातळ भेगाळलेला, आणि विहिरीला पाणी लागतं ते भेगांमधलंच. भेगेपाशी गेल्यावर हादऱ्याचं होतं काय, हे ह्यांच्या पुस्तकात धड नव्हतं. मग ह्यांनी अंगणातच एक लहानसा कातळ रचला. त्याच खडकाच्या चिपा एकावर एक ठेवल्या. दोन चिपांमधली फट म्हणजे भेग. तळाची चीप जरा बाहेर आलेली, तिच्या कडेवर माझ्या डब्यातली मोहरी पसरायची आणि वरच्या चिपेवर लाकडी हातोडी मारायची. हादरा खाली पोचला की मोहरी टुणकन उडे.

हिवाळाभर आमच्या घरी हाच उद्योग. मी रोज सकाळी सडा घालायची, दगडांवरही चार हात पाणी जायचं, आणि न्याहारी झाली की हे हातोडी घेऊन बसायचे. वरून मारलं की मोहरी उडे. बाजूनं मारलं की ती जागची हलत नसे. हे तासन्‌तास त्याच्याकडे बघत राहात आणि माझ्या फोडण्या मोहरीवाचून होत. मी चिडचिड करायची, पण खोटं कशाला बोलू, मला तो माणूस तिथे उकिडवा बसलेला फार आवडायचा.

बाईंना विहीर हवी होती. नुसती हौस नव्हती ती. पाण्यावाचून एका धानावर भागेना, म्हणून मुलगा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत जायचं म्हणत होता. बाईंचा भाऊ तसाच एका खाणीवर गेला होता, तो परत घरी राहायला कधी आला नाही. "विहीर लागली त थांबतो," एवढं मुलानं कबूल केलं होतं.

ह्यांनी बाईंचं वावर ठोकून पाहिलं. बांधाजवळ हादरा झटकन पोचत होता, पळसाखाली मात्र पार मरून जात होता. आमच्या अंगणातल्या कोरड्या भेगांतून तो छान जातो, मग इथे मरतो कसा? पाणीच गिळत असणार, असं ह्यांनी ठरवलं आणि पळसाखाली खूण केली. मुलानं खणायला घेतलं. कातळ लागला तेव्हा चांद्याहून सुरुंगवाले चाचा आले. भांडी हादरत, बाई हात जोडत, आणि वर यायचा तो कोरडा चुरा. खालचा दगड तडकलेला होता, भेगाही होत्या, पाण्याचा टिपूस नव्हता. चाचांनी बारूद आवरली आणि म्हणाले, "साहब, ये तो हवा का कुआँ है." ह्यांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. बाईंनी शब्दानं बोल लावला नाही, त्याचाच ह्यांना जास्त त्रास झाला.

तोवर चैत्र आला. नाला आटला. बाई वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं गुंड, म्हणजे तिकडची घागर, भरत आणि त्यातलाच एक माझ्या दाराशी ठेवत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले, ते वाटीनं भरणं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सडा बंद केला. अंगण भुंडं दिसायचं, मन लागायचं नाही. पण ते पाणी जमिनीवर फेकायला माझा हातच उठेना.

आणि त्याच आठवड्यात ह्यांची मोहरी उडायची थांबली. चिपा त्याच, हातोडी तीच. वरून मारा, बाजूनं मारा, मोहरी आपली स्वस्थ. हे माझ्यावर खेकसले, "तू दगड हलवलेस का?"

मीही तापलेच होते. "दगडांना हात लावला नाही मी. सडासुद्धा घातला नाही इतक्या दिवसांत, बघा जरा अंगणाकडे!"

ह्यांनी अंगणाकडे पाहिलं. मग उठले, प्यायच्या तांब्यातलं पाणी चिपांच्या फटींत ओतलं आणि हातोडी मारली. मोहरी उडाली. बाजूनं मारली, नाही उडाली. फटीतलं पाणी वरचा धक्का खाली पोचवत होतं, आडवा मात्र त्याला धरता येत नव्हता. कोरडी फट दोन्ही गिळून टाकत होती. म्हणजे हिवाळाभर हे माझ्या सड्याचा अभ्यास करत होते, आणि बाईंची विहीर उलट्या जागी खणली गेली होती.

बांधाजवळ ह्यांनी पुन्हा ठोकलं. सरळ धक्का पोचला, आडवा वाटेत हरवला, म्हणजे तिथल्या भेगांत पाणी असायला हवं. आता प्रश्न बाईंना सांगायचा होता. मुलाची वळकटी दाराशी बांधून तयार होती. हे भेगा, हादरे, शक्यता असं काय काय समजावत राहिले.

बाई माझ्याकडे वळल्या. "साहेब काय सांगून राह्यले ते मले नाई समजत. तू सांग वं. पानी हाये का नाई? पोराले थांबवू का जाऊ देऊ?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बोलू नको. मी म्हटलं, "आहे. थांबवा." आयुष्यात एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नाही.

मुलगा थांबला, बांधाजवळ खणायला लागला, पण वळकटी त्यानं सोडली नाही. चाचा पुन्हा आले. सुरुंग उडत, मी चुलीपुढे बसून राहायची. खड्ड्याकडे जायचा धीर होत नव्हता. एका दुपारी स्फोटानंतर बराच वेळ कुणाचाच आवाज आला नाही.  मग बाई येताना दिसल्या. डोक्यावर गुंड, लुगडं कमरेपर्यंत चिखलानं माखलेलं.

मला वाटलं, प्यायला देतील. त्यांनी गुंड अंगणात उतरवला, गोठ्यातलं शेण आणून त्या गढूळ पाण्यात कालवलं आणि भर दुपारी माझ्या अंगणात सडा घालायला लागल्या.

"बाई, अहो पहिलं पाणी, देवाला तरी ठेवा," मी म्हटलं.

"माह्यासाठी तू सडा बंद केला होता. दिसत होतं मले," त्या म्हणाल्या आणि दगडांवरही हातानं पाणी शिंपडलं.

मला रडू आवरेना. मागून मुलगा आला, ओल्या अंगणातून जपून पाय टाकत आपल्या दाराशी गेला आणि खाली बसून वळकटीची दोरी सोडायला लागला.