काचळीवरचा बॅज

फौजेच्या टोपीवरचे बॅज जमवायचा मला नाद आहे. पाटबंधारे खात्यात कारकुनी करताना तो लागला आणि निवृत्तीनंतर वाढला. हिंगोलीत निजामाच्या काळी छावणी होती, त्यामुळे इकडच्या मोडीच्या दुकानांत जुन्या पितळेबरोबर एखादा बॅज अजूनही निघतो. लोक सुट्टीला देवदर्शनाला जातात, मी आखाडा बाळापूरच्या बाजारात फुटक्या तांब्यांच्या ढिगात हात घालून बसतो. या विषयातला मी जिल्ह्यातला सर्वांत जाणता माणूस आहे. दुसरा कोणी नसल्यामुळे हे सिद्ध करायची वेळ आलेली नाही.

गेल्या प्रजासत्ताक दिनाच्या आधी साखऱ्याकडच्या एका तांड्यावरून तिथल्या शिक्षकांचा फोन आला. तांड्यावर एक म्हातारे निवृत्त हवालदार होते, त्यांचा सत्कार ठरला होता. मी यावं आणि त्यांच्या टोपीवरच्या चिन्हाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नादाला कोणी व्यासपीठ देत होतं. मी भाषण पाठ केलं. बायकोने ते दोनदा ऐकलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना मेथी निवडली.

तांड्यावर पोचलो तर कार्यक्रमाला अवकाश होता. शिक्षकांनी मला हवालदारांच्या अंगणात नेऊन बसवलं. म्हातारा ताठ होता. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, डोक्यावर फौजी टोपी. मी नमस्कार करता करताच टोपीकडे बघितलं आणि मन खट्टू झालं. खरा बॅज साच्यात पत्रा ठोकून उठवलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात. हा ओतीव होता. कडा सुजलेल्या, पृष्ठभाग गुळाच्या ढेपेसारखा रवाळ. टोपी मागून घेतली, बॅज सोडवून उलटा केला, तर पाठ सपाट. कुठल्याशा दुकानातली नक्कल होती.

बॅज बघायला गेलेला मी दोन मिनिटांत माणसावरच शंका घेऊन बसलो. पदकंही विकत मिळतात. ताठ तर कोणीही बसतो. भाषणाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. शेवटी शिक्षक खुर्च्या लावायला गेले तेव्हा हळूच म्हणालो, “हवालदारसाहेब, हा बॅज मूळचा दिसत नाही.”

“नकलीच हाय,” ते शांतपणे म्हणाले. “पोरानं मोबाईलवरून मागवला.”

“मग असली?”

त्यांनी हनुवटीने चुलीकडे खूण केली. “असली तिच्यापाशी हाय.”

चुलीपाशी त्यांची बायको चहा उकळत होती. तांड्यावरच्या बाकी बायका आता साड्या नेसतात. ही मात्र जुना पेहराव धरून होती. काचळीवर, म्हणजे त्यांच्या भरतकामाच्या चोळीवर, आरसे, कवड्या, झिजलेली नाणी, आणि त्या सगळ्याच्या मध्ये, छातीवर, पक्क्या लाल दोऱ्याने शिवलेला बॅज.

हवालदारांनी हकिकत सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत बायकोने बॅज मागितला, त्यांनी देऊन टाकला. पलटणीत गेल्यावर हरवला म्हणून सांगितलं. त्याबद्दल पाठीवर पिट्ठू, म्हणजे सामानाने भरलेली फौजी पिशवी, लावून त्यांना मैदान पळवलं. पळून होतंय तोवर सगळ्यांचेच बॅज परत मागवले गेले. साच्यात एक अक्षर चुकलं होतं म्हणे.

मी चष्मा पुसायला घेतला. त्या पलटणीच्या घोषवाक्यात ‘वीर’ हा शब्द आहे. एक खेप ऱ्हस्व वेलांटीने ‘विर’ अशी निघाली आणि वितळवली गेली, अशी वदंता आम्हा जमवणाऱ्यांत आहे. व्हॉट्सअॅपच्या आमच्या गटात त्यावरून पुणेकर आणि कोलकातेकर एकमेकांशी बोलायचे थांबले आहेत. तो बॅज कोणी पाहिलेला नाही. मी मात्र पाहत होतो. म्हणजे पाहायचं कसं, हाच प्रश्न होता. परक्या बाईच्या छातीकडे, तिच्या नवऱ्यासमोर, चष्मा पुसून पुसून किती बघणार? तरी वेलांटी दिसली. ऱ्हस्वच होती. अंगणाबाहेरच्या फ्लेक्सवरही मोठ्या अक्षरांत ‘विर जवान’ असंच छापलं होतं, पण त्याला दुर्मीळ म्हणता येत नव्हतं.

पाठ बघितल्याशिवाय मात्र निर्वाळा देता येत नाही. मी हवालदारांकडे बघितलं. “तिलाच इचारा,” ते म्हणाले.

मी धीर करून म्हणालो, “मावशी, हा बॅज जरा काढून दाखवता का? खरा आहे का ते बघायचं होतं.”

तिने चहाचं पातेलं उतरवलं. “काहून?” ती म्हणाली. “मला त्यानंच दिला न्हाई का? त्यात खरं-खोटं काय बघायचं?”

माझा चेहरा फारच पडला असावा. ती नवऱ्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली, हसली, आणि सुनेला घेऊन आत गेली. मग दार लोटून तपासणी झाली. मी बाहेरून विचारायचं, सुनेने आतून बोटाने चाचपून सांगायचं. पाठ सपाट आहे की खोलगट? खोलगट. समोर जिथे उंच, तिथे मागे खड्डा लागतो का? व्हय. मागे दोन कड्या आहेत का? हायेत, त्यातूनच दोरा ओवलाय. मध्येच सासूला गुदगुल्या झाल्या आणि काम काही काळ थांबलं. बॅज अस्सल होता. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध मी बंद दाराकडे तोंड करून लावला.

सत्कारात मी बॅजबद्दल अवाक्षर काढलं नाही, पलटणीबद्दल बोललो. हवालदार नकली बॅज मिरवत ताठ बसले होते आणि टाळ्या भरपूर पडल्या.

घरी येऊन गटात सविस्तर लिहिलं. ताबडतोब फोटो मागितला गेला. फोटो नाही, म्हटलं. का नाही, ते सांगितलं. कोलकातेकरांनी एक हसरा चेहरा टाकला. पुणेकरांनी लिहिलं की पाठीच्या फोटोशिवाय दावा करू नये, हा नियम याच गटात मीच घालून दिला होता. ते बरोबर होतं. विशेष म्हणजे त्या दिवसापासून ते दोघे पुन्हा बोलायला लागले, माझ्याबद्दल.

सुरुवातीला चडफडलो. बायको म्हणाली, “तुम्ही बघितलात ना? मग झालं.” तेवढ्याने होत नाही, हे तिला समजावायला गेलो आणि ते मलाच नीट सांगता येईना.

आता अधूनमधून तांड्यावर जातो. हवालदार पलटणीच्या गोष्टी सांगतात. मावशी चहा घेऊन समोर येतात, तेव्हा मी डोळे कपातच ठेवतो.